रंगवलेलं रबर

नाय नाय, चाँदभाई, वजन करायचंच नाय म्हणलं ना — काटा राहू द्या टेम्पोत. भाव-बिव मला काय बोलायचं नाय. आधी कापायचं. इथं, माझ्या डोळ्यासमोर, एकेक करून. मधोमध, रबरातून — वरची लोखंडी पट्टी एकीकडं, खालची एकीकडं. मग तुकडे उचला आणि न्या कुठं न्यायचे तिथं, जाळा, पुरा, माझं काय म्हणणं नाय. पण ह्यातलं एकपण साबूत ह्या शटरच्या बाहेर जायचं नाय. का म्हणजे? भंगारच हाय तर कापायचं कशाला? अहो, भंगार हाय हे तुम्हाला माहीत, मला माहीत. आणि ज्याला सगळ्यात चांगलं माहीत हाय तोच उद्या तुमच्या गोडाऊनवर येईल आणि म्हणंल, चाँदभाई, ते परत द्या. आणि तुम्ही द्याल. द्याल की! तुमचा धंदा हाय तो, तुमच्यावर राग नाय माझा. बसा. स्टुलावर बसा, त्या पेटीवर नको. पाणी घ्या. मी तर आज चहापण केला नाय, सकाळपासून तोंडाला नुसती थिनरची चव हाय.

हे बघा, हातात घेऊन बघा. वास घ्या. घ्या की, मरत नाय माणूस त्यानं. कडेला भगवा दिसतो का? ह्या खोबणीत पांढरा — आणि खाली, नखानं खरवडा, हिरवा. व्हय, तिरंगा. हसू नका, चाँदभाई. मला शिसारी येती. झेंड्याची नाय हो, झेंड्याला मी हात जोडते — असल्या लोकांनी तो कुठं फासला, त्याची शिसारी येती. काळं रबर होतं हे. कुळकुळीत काळं, हात फिरवला की गार लागायचं. माझ्या प्रेसवर — तापवून दाबायच्या मशीनवर — शिजवलेलं हाय. रबर शिजवावं लागतं, जास्त झालं की करपतं, कमी झालं की पिचपिचीत राहतं, भाकरीसारखंच हाय ते. आणि आता बघा — दाबा अंगठ्यानं. कसं फुगलंय, दिसलं? मऊ पडलंय. थोड्या दिवसांनी ह्याच जागी तडे जातील. पण वरून कसं चमकतंय! बुटाचं पॉलिश लावलंय त्याला. बुटाचं पॉलिश! अरे, लाज कशी वाटली नाय तुम्हाला —

तुम्हाला नाय म्हणले, चाँदभाई. कोणाला म्हणले ते सांगते की.

हे कशाचं? रिक्षाच्या इंजिनखाली रबर असतं ना, इंजिन थरथरलं तरी बॉडी थरथरू नये म्हणून? माउंटिंग म्हणतात. तसलंच हाय, फक्त ह्याच्यावर रिक्षाचं इंजिन नाय बसत, जहाजातला पंप बसतो. व्हय, जहाज. नेव्हीचं. बघा, परत हसले. लोक हसतातच. औरंगाबाद म्हणा, संभाजीनगर म्हणा, समुद्र दोन्ही नावाला नाय — जायकवाडीचा फुगवटा बघून आमच्या बजाजनगरच्या बायका नारळ सोडतात, म्हणतात आलो बाई समुद्राला. पण बनतं इथं. नवीन लहान जहाजं बांधायला लागलेत आपल्याच देशात, किनाऱ्याजवळ फिरायला, दुश्मनाची पाणबुडी हुडकायला. मोठी जहाजं उथळ पाण्यात येत नाय, म्हणून ही लहान. आता पाणबुडी दिसती का? पाण्याखाली डोळा कामाचा नाय. कान कामाचा. त्या जहाजाच्या बुडाला कान असतो म्हणा — यंत्र असतं, पाण्यातला आवाज टिपतं. आणि जहाजाच्या पोटात पंप, जनरेटर, सगळी खडखड. ती थरथर लोखंडातून पाण्यात उतरली की झालं. कुडुमकुडुम पापड खाताना शेजारचा काय कुजबुजला ते ऐकू येईल का तुम्हाला? नाय ना? पण तुम्ही पापड खायलात हे त्याला बरोबर ऐकू येतं. म्हणजे तुम्ही बहिरे, आणि तुमचा पत्ता दुश्मनाला पोचता. म्हणून मधी हे रबर. लोखंडाची थरथर ह्यानं गिळायची, खाली जाऊ द्यायची नाय. एवढंच काम ह्याचं. गप बसवायचं.

माझ्या पोरीच्या, मोनिकाच्या पप्पांनी लावली ही लाईन. आधी गाड्यांचं काम करायचे, मग हे मिळालं. मिळालं म्हणजे — लई हेलपाटे घातले त्यांनी, पीस पाठवायचा, तो नापास व्हायचा, परत पाठवायचा. एकदा पास झाला तेव्हा पेढे नाय वाटले; म्हणले, वच्छला, आता बोंबलायचं नाय, आता करून दाखवायचं. तो माणूस गेला आणि बोंबलणारे आले. मोनिकाचं लग्न झालं नानासाहेबांच्या हनुमानशी, आणि वर्ष झालं नाय तर माझे इवाई — नानासाहेबच हो, फुलंब्रीचे, तुम्ही ओळखता, तुमचा माल जातो-येतो त्यांच्याकडं — ते म्हणले, ईनबाई, बाईमाणसानं एकटीनं प्रेस चालवायची, लोक काय म्हणतील, मी पार्टनर होतो. झाले. बोर्डावर त्यांचं नाव वर, माझं खाली. मी काय बोलणार? पोरगी त्यांच्या घरात. पोरीच्या आईची जबान लग्नात मांडवाच्या खांबाला बांधून ठेवतात, चाँदभाई, ती परत सोडून देत नाय कोणी.

तर माल तयार झाला. पेट्या भरायच्या, गाडीत घालायच्या, रवाना करायचा — काय असतं त्यात? आजवर सात-आठदा गेला असंल, कुत्रंपण भुंकलं नाय. पण ह्यावेळी नानासाहेब म्हणले, नाय, आपला माल देशाच्या जहाजाला चाललाय, रवानगीचा कार्यक्रम करू. फुलंब्रीला, त्यांच्या शेडमधी. मंडप घातला. फ्लेक्स लावला — फ्लेक्सवर जहाज कुठलं? हे एवढं मोठं, वर विमानं उभी! म्हणलं, हे ते नव्हं, आपलं लहान असतं. तर म्हणले, लहान जहाज फ्लेक्सवर चांगलं दिसत नाय. आणि डीजे! गप बसवायच्या मालाला डीजे लावून वाटं लावलं ह्यांनी. फेटे आणले. मलापण बांधला. व्हय, मी बांधून घेतला, फोटोत हाय मी, कोपऱ्यात. चांगला दिसत होता तसा — ते जाऊ द्या.

मधी टेबल. टेबलावर आपली माउंटिंग मांडलेली, वर भरजरी कापड. पाहुणे आले, कापड ओढलं — आणि बघते तर काय. सगळी रंगवलेली! वरची पट्टी भगवी, रबर पांढरं, खालची पट्टी हिरवी. ऑईलपेंट. पेट्यांतला सगळा माल काढून रंगवला होता, टेम्पोवर नंबर रंगवणारा पेंटर आणून. मी इवायाच्या कानाशी गेले, म्हणलं, दादा, हे काय केलं? तर त्यांच्या आधी आमच्या ईनबाई बोलल्या, त्यांच्या मंडळी लक्ष्मीबाई. म्हणल्या, अगं, पूजा करायची होती ना. काळ्या वस्तूला कुंकू कसं लावायचं? शुभकार्यात काळं पुढं ठेवतात का कुठं? अपशकुन होतो. घ्या! संक्रांतीला काळी साडी चालती, गळ्यात काळे मणी चालतात, देशाच्या जहाजाला काळं रबर चालत नाय. ड्रॉइंगवर ठसठशीत लिहिलंय, रबराला रंग लावू नये. रंगातलं तेल रबराला खातं. लहान लेकराला कळंल. पण ह्यांना अपशकुन दिसला, फोटो दिसला, तेवढं एक वाक्य दिसलं नाय.

बोलले नाय कशी? बोलले मी. — हळू बोलले. पाहुण्यांसमोर इवायाला किती मोठ्यानं बोलायचं? तर नानासाहेब म्हणले, ईनबाई, फोटो होऊ द्या, मग पुसून घेऊ. आणि पाहुण्यांच्या हातात नारळ दिला. आता नारळ फोडायला दगड पाहिजे का नाय? दगड कोणी आणलाच नाय! तर कारभारी म्हणून त्यांचा एक पुढंपुढं करणारा हाय, तो म्हणला, ह्याच्यावरच फोडा, साहेब, मजबूत हाय. पाहुण्यांनी आपटला नारळ माउंटिंगवर. फुटंल का? रबर हाय ते! नारळ असा उडाला, चाँदभाई, असा उडाला, सरळ कारभारीच्या नडगीवर. तो लंगडत मांडवात फिरतोय आणि लोक टाळ्या वाजवायलेत. हसा, आता हसा, तिथं मलापण हसू आलं होतं. तेवढ्या हसण्यात गाडी निघून गेली. पुसायचं कोणाच्या ध्यानात राहतंय? डीजेवाल्यानं आवाज वाढवला.

मग काय व्हायचं ते झालं. तिकडं बंदरावर, जहाज बांधतात तिथल्या साहेबानं पेट्या उघडल्या. फोन मला आला, नानासाहेबांना नाय, कारण ड्रॉइंगवर अजून मोनिकाच्या पप्पांच्या वेळचा आमच्या घरचा नंबर हाय. तो ओरडला नाय हो. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणला, ताई, जहाजाच्या पोटात हा झेंडा कोण बघणार हाय? मी काय सांगू? ईनबाईंना काळ्याला कुंकू लावता येत नव्हतं म्हणून सांगू? सगळा माल परत आला, फुलंब्रीच्या शेडवर. पण त्यानं दरवाजा लावला नाय, म्हणला, पहिल्यांदाच चूक झालीय, नवीन बनवून पाठवा, थांबतो. केवढं मोठं मन! जहाज थांबतंय तिकडं आमच्यासाठी. मी लगेच रबराचं कंपाउंड मागवलं, साचा साफ करून घेतला.

आणि इवाई काय म्हणले? म्हणले, नवीन कशाला? हेच धुऊन पाठवू. म्हणले, थिनरनं पुसायचं, वर काळं पॉलिश मारायचं, नवीन पेटीत घालायचं, कोणाचा बाप ओळखतो. मी म्हणलं, दादा, रबर आतून गेलंय. तर हसले. म्हणले, ईनबाई, पंपाखाली रबर घट्ट असलं काय आणि मऊ पडलं काय, जहाज काय बुडायचंय थोडंच? — नाय बुडायचं. खरं हाय. लगेच नाय बुडायचं. नुसतं खडखड करत फिरंल, त्या खडखडीत त्याला पाणबुडी ऐकू येणार नाय, आणि पाणबुडीला हे ऐकू येईल. आत पोरं असतात, चाँदभाई. कोणाची ना कोणाची. कानाला यंत्र लावून बसलेली, डोळे मिटून ऐकायलेली. त्या पोराला काय माहीत की फुलंब्रीच्या शेडमधी कोणी बुटाचं पॉलिश लावलंय. थू! मला त्या माणसाच्या हातचं पाणी नको वाटतं आता. आणि तोच माणूस आज कुठं हाय माहिताय? दौलताबादला. सत्कार हाय त्याचा. शाल, श्रीफळ, देशसेवा केली म्हणून. म्हणूनच तर आज आणता आलं मला हे सगळं. सकाळी टेम्पो घेऊन गेले फुलंब्रीला, शेडवर सांडू होता राखणीला, त्याला म्हणलं, पार्टनर हाय मी, माल हलवायचाय. तोच चढवू लागला बिचारा.

मला कसं कळलं की धुवायला घेतलंय? — कळलं. वासानं कळलं. परवा गेले होते पोरीला भेटायला, गल्लीत शिरले तर थिनरचा वास. रबरवाल्या बाईला वास लपत नाय.

लावा की कटर, बसलात काय? ती पिन तिकडं, पंख्याच्या खालच्या बोर्डात. काय कुरकुर करायलात? रबर कापताना धूर होतो? होऊ द्या. ब्लेड खराब होतं? माझं घ्या. नाय — तुम्ही ब्लेडचं नाय बोलायलात. तुम्ही नानासाहेबांचं बोलायलात. त्यांना विचारलं का म्हणता? माझ्या प्रेसचा माल कापायला मी त्यांना विचारू? विचारलं असतं तर त्यांनी कापू दिला असता? तुम्ही इतकी वर्षं धंदा करता, माणूस कळत नाय का तुम्हाला? अहो, ज्यानं घरच्या बायकांना थिनरच्या बादल्या देऊन बसवलं, हातात मोजे नाय, दारं लावून घेतलेली, माझ्या पोरीच्या बोटांची साल निघाली — रात्री जेवताना मीठ झोंबतंय म्हणून फोनवर रडली ती, म्हणली, आई, लवकर ये, हे सोमवारी पाठवायलेत, मी पुसलंय माझ्या हातानं, मला झोप लागत नाय —

...

कोण म्हणलं फोनवर? मी? मी म्हणलं वासानं कळलं. ते दुसरंच — ते तिच्या हाताला कशानं तरी — चाँदभाई. चाँदभाई, बघा इकडं. तुम्ही काय ऐकलं नाय. तुम्हाला पोरी हायत, दोन, मला माहिताय. मोनिकानं काय सांगितलं नाय मला. त्या घरात कळलं ना की सुनेनं घरातलं माहेरी सांगितलं — ते मारणार नाय हो, तसली माणसं नाय ती. बोलणार नाय तिच्याशी. ताट वाढतील, बोलणार नाय. लक्ष्मीबाईंचा तो नियमच हाय, मोठ्या सुनेशी असंच केलंय त्यांनी, आज तीन वर्षं झाली, ती बाई भिंतीशी बोलायला लागली. आणि हनुमान बापापुढं मान वर करत नाय. शी! काय बाई हाय मी पण. एवढं तोंड गच्च धरून होते, आणि ते तुमच्यापुढं — तुमची तर रोजची उठबस त्यांच्याकडं.

तुमचाच वाजतोय. बघा कोणाचा हाय. — तुमच्या तोंडावरच कळलं. नानासाहेब. उचलू नका. सांडूनं सांगितलं असंल माल हलला म्हणून, सत्कार टाकून आला असंल घरी. उचलू नका म्हणते ना! नायतर — उचला आणि सांगा, बाईनं एकटीनं ठरवलं, वासावरून कळलं तिला. तेवढंच. येईल तुम्हाला तेवढं म्हणता? देवाची शपथ — तुमच्या अल्लाची घ्या, कोणाचीपण घ्या — थांबला. बंद झाला. बरं झालं.

आता माझा. मोनिका हाय. थांबा जरा, आवाज करू नका.

हां, बोल बाई. हळू बोल. कोण हाय जवळ? ... आलेत का घरी? ... विचारायलेत? मग तू गप बस. तू काय बोलू नको, म्हण मला काय माहीत नाय, मी त्यांना सांगते की वासानं — काय? ... तू? तू सांगितलंस, मीच आईला फोन केला म्हणून? त्यांच्या तोंडावर? ... सगळे होते? ... आणि हनुमान? ... हं. ... हं. ... बरं, ऐक. मी निघते. आत्ता निघते, कपडे दोनच घे, बाकीचं राहू दे, मी तासाभरात — काय म्हणलीस? ... परत बोल, पंख्याचा आवाज येतो. ... बरं. ... बरं, माझी बाई. ठेव.

येऊ नको म्हणती. आत्ता येऊ नको. म्हणती, मामंजी निघालेत तिकडं गाडी घेऊन, ते पोचायच्या आत सगळं कापून टाक, एकपण ठेवू नको. मग मला न्यायला ये.

तुमचा वाजतोय परत. उचला आता, काय लपवायचं राहिलंय? सांगा, बाई इथंच बसलीय. ... नाय उचलत? बरं. नका उचलू. मग उठा. रडायले मी, व्हय, रडू द्या, तुम्ही माझ्याकडं बघू नका, पिन लावा. लावा पिन, चाँदभाई. मला फुलंब्रीला जायचंय.